पाव किलो भेंडी, माणसं चार

शाकाहारी माणूस भाज्या खातो, हा मांसाहारी लोकांनी पसरवलेला गैरसमज आहे. मी शाकाहारी घरात जन्मले, शाकाहारी घरात पडले, आणि दोन्ही घरांच्या अनुभवावरून सांगते: शाकाहारी माणूस काय खात नाही, एवढंच ठरलेलं असतं. तो काय खातो याची चौकशी सहसा कोणी करत नाही. केलीच तर ती बटाट्यापाशी येऊन संपते.

आमच्या भाऊजींचंच बघा. केकमध्ये अंडं नाही ना, हे ते बेकरीवाल्याला दोनदा विचारतात आणि तरी घरी आल्यावर खोक्यावरचा हिरवा ठिपका चष्मा लावून तपासतात. एवढी निष्ठा. पण वांग्याने त्यांना पित्त होतं. दुधी हे आजारी माणसाचं अन्न. पडवळ बघवत नाही. दोडक्याला चव नाही आणि कारल्याला नको तेवढी आहे. कोबीने गॅस, गवारीने वात, सुरणाने घशाला खाज. भेंडी बुळबुळीत. लाल भोपळा गोड, आणि भाजीने गोड असू नये असं त्यांचं तत्त्व आहे. शेपूचा वास हाताला दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. मुळ्याच्या परिणामांबद्दल ते चारचौघांत बोलत नाहीत, पण इतरांनी मुळा खाल्लेला त्यांना कळतो. एवढं सगळं वजा जाता उरतो तो बटाटा. तो काचऱ्यांत चालतो, रश्श्यात चालतो आणि वड्यात तर धावतो.

जागतिक आरोग्य संघटनेने माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात असं सांगून ठेवलं आहे, आणि वर लगेच जोडलंय की यात बटाटा, रताळं आणि त्या जातीचे पिठूळ कंद धरायचे नाहीत. ही बातमी मी भाऊजींना जेवण झाल्यावर, जरा जपूनच सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वहिनी, त्या संघटनेत आपलं कोणी आहे का?”

पण एकट्या भाऊजींना का नावं ठेवा? ४०० ग्रॅमचा हिशेब कुठल्याही मराठी घरात मांडून बघा. आपल्याकडे भाजी पाव किलोने घेतात. अर्धा किलो म्हटलं की भाजीवाली वर बघते आणि विचारते, “पाव्हणे आलेत का ताई?” तर पाव किलो भेंडी, माणसं चार. माणशी साडेबासष्ट ग्रॅम झाले. त्यातून देठं आणि शेंडे गेले. कढईत पडल्यावर ती आणखी आकसली. त्यातून ज्याला पहिलं वाढलं त्याने चमचा जरा खोल घातला, तर चौथ्या माणसाच्या वाट्याला कढीपत्ता आणि फोडणीतली मोहरी येते. चौथं माणूस कोण, हे ज्यांनी वाढलंय त्यांना ठाऊक आहे. आता संघटनेच्या हिशेबाने आमच्या चौघांना फळं धरून रोज सोळाशे ग्रॅम लागतील. एवढं ओझं घेऊन मी रोज जिना चढायला लागले तर समोरच्या बिऱ्हाडातून विचारणा होईल, कार्य कधी आहे?

याचं मूळ आपल्या जेवणाच्या रचनेत आहे. आपण पोळी जेवतो. भाजी ही पोळी घशाखाली उतरायला मदत म्हणून असते. ‘दोन पोळ्या कमी खा, भाजी जास्त घे’ असं आहारतज्ज्ञ सांगतात तेव्हा नवऱ्याला ते ‘बस सोडून द्या, कंडक्टरला घ्या’ म्हटल्यासारखं ऐकू येतं.

बाहेर जेवायला गेलं तर परिस्थिती आणखी चमत्कारिक. ‘शुद्ध शाकाहारी’ पाटीच्या हॉटेलात मेन्यूकार्डाची दोन पानं पनीर. पनीर ही वनस्पती नव्हे, हे सांगायला नको. खाली मशरूम. तीही वनस्पती नव्हे, बुरशीचं कुळ. शास्त्रज्ञांनी तिला केव्हाच वेगळं काढून दिलंय. मग काजू करी, म्हणजे श्रीमंतीची पातळ पेज. सगळ्यात शेवटी कोपऱ्यात ‘मिक्स व्हेज’, आणि ती मागवली की वेटर आपल्याकडे ज्या नजरेने बघतो त्यावरून कळतं की ती मागवायची नसते. ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाचा पदार्थ कोल्हापुरातल्या कोणा घरी शिजताना मी अजून बघितलेला नाही. असो.

घरातला खरा प्रश्न निराळाच आहे. तो रोज रात्री दहाच्या सुमारास विचारला जातो: “उद्या भाजी काय करू?” या प्रश्नाचं मराठी पुरुषाकडे एकच उत्तर असतं, “काहीही कर.” हे उत्तर ऐकायला उदार वाटतं. दुसऱ्या दिवशी डबा उघडल्यावर त्या ‘काहीही’मध्ये दुधी, दोडका, पडवळ, ढेमसं, चाकवत आणि लाल भोपळा यांचा समावेश नव्हता असं समजतं. एकदा मी नवऱ्याला म्हटलं, ‘काहीही’ची यादी लिहून दे. त्याने मन लावून लिहिली. बटाटा, फ्लॉवर-बटाटा, मटार-बटाटा, आणि मग बराच विचार करून, पालक-पनीर. वर मला म्हणाला, “बघ, रोज वेगळी.”

गंमत अशी की आता मंडईत बारा महिने सगळं मिळतं. जूनमध्ये मटार, मे महिन्यात गाजर, फ्लॉवरला तर ऋतूच उरलेला नाही. ब्रोकोली आली, झुकिनी आली, लाल-पिवळी ढोबळी मिरची आली. आणि जसजसं जास्त मिळायला लागलं तसतसं घरात कमी प्रकार शिजायला लागले. निवडायला मोकळीक दिली की माणूस आवडीचं निवडतो, आणि आवडीचं म्हणजे पाच-सहा गोष्टी. मला वाटतं, विविध आहार वगैरे जे काही आपल्याकडे होतं ते कोणाच्या हौसेने नव्हतं. सक्तीने होतं.

हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी कोणाला काय आवडतं हे विचारायची पद्धत नव्हती.”

सक्ती करायला एक सासू पुरत नाही, पंचांग लागतं. आपल्या पंचांगाने जेवणाचं वेळापत्रक असं काही लावलंय की एखाद्या भाजीला कायमचा हात लावायचा नाही म्हटलं तरी ती कुठल्यातरी तिथीला गाठतेच. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद. ते बंद होणार म्हणून आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करायची, म्हणजे कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, भरली वांगी, सगळं एका दिवसात. दोन दिवसांनी आषाढी एकादशी. संयमाची सुरुवात अपचनाने करणारा दुसरा समाज माझ्या पाहण्यात नाही. पण बघा, ही तीन खांबांची कमान काढून घेतल्यावर घरात चार महिने शिजायचं काय? झक मारत दोडका, पडवळ, घोसाळं, दुधी, अळू. जे पावसाळ्यात वेलावर आणि बांधावर आपोआप येतं, तेच.

भाद्रपदात ऋषिपंचमी. आदल्या दिवशी एकवीस मोदकांचा नैवेद्य झालेला असतो, त्यातले निम्मे पोटात असतात, आणि दुसऱ्या दिवशी ताटात येते ती बैलाच्या कष्टाची नसलेली भाजी. नांगरलेल्या शेतातलं काही चालत नाही. परसात हाताने लावलेलं तेवढंच घ्यायचं. माठ, अळू, अंबाडी, लाल भोपळा, पडवळ, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे. तेल-तिखट बेताचं. ही भाजी लहानपणी मला शिक्षा वाटायची. आता सोसायटीतल्या बायका ती करायची म्हणून व्हॉट्सॲपवर महिनाभर आधी सुरणाची चौकशी करतात आणि मंडईवाला ‘ऋषीची भाजी’ म्हणून सगळं चिरून पाकिटात बांधून विकतो. बैलाचे कष्ट नाहीत हे खरं. त्या पाकिटाला टेम्पोचं डिझेल लागलंय, पण शास्त्रात डिझेलबद्दल काही म्हटलेलं नाही.

मार्गशीर्षात चंपाषष्ठी आली की खंडोबाच्या नैवेद्याला भरीत-भाकरी, आणि चार महिने नजरकैदेत असलेलं वांगं बाइज्जत बरी होतं. लातूर-धाराशिवकडे त्याच सुमाराला वेळ अमावस्या असते. सगळं गाव शेतात जेवायला जातं आणि शहरातल्या रस्त्यांवर शुकशुकाट होतो. तिथली भज्जी ज्याने खाल्ली नाही त्याने ‘मिक्स व्हेज’ या विषयावर बोलू नये. तुरीचे ओले दाणे, वाल, हरभरा, वाटाणा, मेथी-चाकवतासारखा पाला, जे शेतात उभं असेल ते सगळं एका पातेल्यात, त्याला बेसन आणि आंबट ताक, सोबत बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. माझी तिकडची मैत्रीण सांगते की भज्जीत किती जिन्नस पडले यावरून त्या वर्षी शेताने काय दिलं ते कळतं.

आता एवढं सगळं असून घराघरांतून पालेभाज्या का नाहीशा झाल्या? चवीमुळे नाही. निवडण्यामुळे. ‘आठवड्यातून चार दिवस पालेभाजी हवी’ असं जो पुरुष व्यासपीठावरून सांगतो त्याच्या पुढ्यात आधी दोन जुड्या मेथी ठेवावी, खाली कालचा पेपर अंथरावा आणि बसवावं. मेथीची जुडी सोडली की आधी चिखल निघतो, मग गवत, मग एखादी दुसऱ्याच भाजीची काडी, आणि मग पानामागे निवांत बसलेली हिरवी अळी, जी आपल्यापेक्षा जास्त नियमाने पालेभाजी खाते. एकेक पान खुडायचं. कोवळं देठ ठेवायचं, जून टाकायचं, आणि कोवळं कुठे संपून जून कुठे सुरू होतं यावर सासू-सुनांची मतं कधीच जुळत नाहीत. तीन पाण्यांतून काढायची. एवढं करून कढईभर दिसणारी ती मेथी पाच मिनिटांत मूठभर होते, आणि जेवणारा म्हणतो, “एवढीशीच केलीस?”

डाळिंब्यांची तर आणखी वरची पायरी. कडवे वाल रात्री भिजत घाला, दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात बांधा, तिसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोला. सोलताना वाल बोटांतून असा सटकतो की थेट फ्रीजखाली. आमच्या फ्रीजखाली एकदा त्याला पानं फुटलेली निघाली होती. तीन दिवसांच्या या अनुष्ठानानंतर जी उसळ होते ती अशी काही लागते की पुढच्या खेपेला पुन्हा करावीशी वाटते, आणि हे विसरणं निसर्गाने बायकांना मुद्दाम दिलंय असा माझा संशय आहे. सोलायला दुसरे दोन हात आले तर भाजीचे प्रकार आपोआप वाढतील. आहारतज्ज्ञांनी हे एकदा तक्त्यात घालावं.

रानभाज्यांना अलीकडे बरे दिवस आलेत. पावसाळ्यात ठाणे-पालघरकडच्या आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसतात. टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, करटोली. शेवळं दिसली तर एकटी घ्यायची नाहीत, सोबत काकडं घ्यायची. ती आंबट फळं घातली नाहीत तर घसा असा खाजतो की पुढचे दोन तास घरात कोणी कोणाशी भांडत नाही. विकणारी बाई ही सूचना न मागता देते. सुपरमार्केटमधल्या झुकिनीबरोबर असं कोणी काही सांगत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घेवडा-वालापासून भातापर्यंत गावरान वाणांचं बियाणं घरात सांभाळून ठेवलं, त्यासाठी त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. ही बातमी वाचून आमच्या सोसायटीत टाळ्या वाजल्या आणि रात्री सगळ्यांनी मिळून पिझ्झा मागवला. शाकाहारीच. वर मका होता.

मराठी पानाची डावी बाजू हाही असाच उपेक्षित प्रकार. पान वाढताना वरती मीठ, मग डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, मधे भात. उजवीकडचं पुन्हा पुन्हा वाढतात, डावीकडचं एकदाच, तेही चिमूटभर. जेवणारे त्याच्याकडे सजावट म्हणून बघतात. खरं तर पानातलं निम्मं शहाणपण तिथे आहे. वनस्पतींतलं लोह अंगी लागायला जरा कुरकुरतं, क जीवनसत्त्वाच्या सोबतीने बरं लागतं. म्हणून ती लिंबाची फोड. पोह्यांवर लिंबू पिळतात तेही योग्यच. फक्त पोह्यांच्या घासाघासाला आपण चहाचा घोट घेतो आणि चहातली द्रव्यं त्याच लोहाला अडवतात. लिंबू दार उघडतं, चहा लावून घेतो. हे मी घरी सांगितलं तर नवऱ्याने पोहे आणि चहा यांत एका तासाचं अंतर ठेवायचं कबूल केलं. म्हणजे आता तो आधी चहा घेतो, मग तासाने पोहे खातो आणि पोह्यांनंतर पुन्हा चहा लागतोच.

वरण-भाताचंही असंच एक रसायन आहे. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन कमी, डाळीच्या प्रथिनांत मेथिओनिन कमी. एकात जे उणं ते दुसऱ्याकडे. दोन्ही एकाच घासात हवीत असंही नाही, दिवसभरात पोटात पोचली तरी भागतं. फक्त बी-बारा हे जीवनसत्त्व वनस्पतींकडे मागू नये, ते त्यांच्याकडे नसतं. दुधा-ताकातून थोडंफार मिळतं, नाहीतर डॉक्टर सांगतील ती गोळी घ्यावी. आमच्या सोसायटीच्या बाकावर संध्याकाळी जी मंडळी बसतात त्यांची पूर्वी एकमेकांना ओळख गावावरून व्हायची, आता बी-बाराच्या आकड्यावरून होते.

पण शाकाहारातली सगळ्यात मोठी मौज उपासाची. साबुदाण्याची खिचडी ताटात घ्या आणि जिन्नस बघा. साबुदाणा हा कसाव्याच्या कंदाचा, म्हणजे मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे येतो तो बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमहून. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथल्याच अँडीज डोंगरांतला. मिरचीही अमेरिकेची. पलीकडच्या वाटीतलं रताळं तिथलंच, लाल भोपळ्याचं भरीत तिथलंच, राजगिऱ्याचा लाडू तिथलाच. फराळानंतर पेरू, पपई, चिकू कापले तर तेही त्या खंडातून आलेले. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, आणि मग हे सगळं पोर्तुगीज वगैरे मंडळींच्या जहाजांतून इकडे आलं. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली १२९६ मध्ये. म्हणजे माउलींच्या आयुष्यात एकही साबुदाणा वडा आला नाही. पंढरीची एकादशी तेव्हाही होतीच; माणसं वरी, सुरण, केळं, दूध असं काहीबाही खाऊन किंवा काहीच न खाऊन ती करत असणार. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण कोलंबसाच्या नंतरचीच असली पाहिजे.

त्यातही परदेशी म्हणून सरसकट सगळ्यांना प्रवेश असं नाही. बटाटा चालतो, त्याचाच चुलतभाऊ टोमॅटो चालत नाही. मिरची चालते, ढोबळी मिरची चालत नाही. जिरं चालतं, मोहरी चालत नाही. हळद, जी इथलीच, ती बाहेर. कोथिंबीर आमच्या माहेरी चालत नाही, सासरी चालते. भेंडी सासरी चालत नाही, नणंदेच्या सासरी चालते. हे नियम कोणत्या सभेत झाले, इतिवृत्त कुठे आहे, कोणाला सांगता येत नाही. एकदा मी उपासाच्या बटाट्याच्या भाजीत चुकून मोहरी टाकली तेव्हा भाऊजींनी ताट बाजूला सारलं आणि तेवढ्यावर न थांबता बाहेर जाऊन उपासाची कचोरी खाऊन आले.

अशा या आमच्या घरात गेल्या वर्षी लेकीने हिंजवडीच्या ऑफिसातून एक नवं खूळ आणलं. आठवड्याला तीस वनस्पती. याला आधार आहे. २०१८ मध्ये ‘अमेरिकन गट प्रोजेक्ट’चा अभ्यास प्रसिद्ध झाला, दहा हजारांहून जास्त माणसांच्या विष्ठेचे नमुने तपासून केलेला. आठवड्याला तीसहून जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यांत दहा किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांपेक्षा जास्त तऱ्हांचे जीवाणू सापडले. लेकीने तक्ता छापून फ्रीजवर लावला. नियम असे: एक वनस्पती आठवड्यात एकदाच मोजायची, आणि मसाल्याच्या जिनसांना पाव गुण. सुरुवात सोमवारी, आणि तो सोमवार नेमका भोगीचा निघाला.

सासूबाई ओट्यापाशी स्टूल घेऊन बसल्या होत्या. भोगीची भाजी त्यांच्या देखरेखीशिवाय होत नाही.

“आजी, मी विचारते, तू फक्त नावं सांग.”

“लिहून घे. वांगं, गाजर, वालपापडी, पावटा, ओला हरभरा, मटार, घेवडा, तुरीचे दाणे, बोरं, उसाचे करवे, तीळ, शेंगदाणे. आणि तुझ्या काकासाठी बटाटा.”

“तेरा. अरे बापरे.”

“बापरे काय? बाजरीची भाकरी राहिली. मुगाची खिचडी आहे, त्यात तांदूळ आणि मूग. खोबरं, चिंच, मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता. मुळ्याची कोशिंबीर, वर लिंबू.”

“तेवीस,” लेकीचा आवाज जरा खाली आला. तिच्या ऑफिसात शुक्रवारपर्यंत सतरावर पोचलेल्या मुलीचं कौतुक झालं होतं म्हणे.

“आता गोडा मसाला घे. धने, जिरं, शहाजिरं, लवंग, दालचिनी, मिरी, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर, बाद्यान, जायपत्री, खसखस, हळद आणि दगडफूल. चौदा.”

“मसाल्याला पाव गुण, आजी.”

“पाव? नागकेशराचा भाव विचारून ये आधी, मग पाव म्हण.”

लेक तोवर फोनमध्ये बघत होती. “आणि दगडफूल धरता येणार नाही. ती वनस्पती नाही. बुरशी आणि शेवाळ एकत्र राहतात, त्याला लायकेन म्हणतात.”

सासूबाईंनी मसाल्याचा डबा उघडून दगडफुलाचा एक तुकडा काढला, नाकाशी धरला, लेकीच्या नाकाशी धरला. “ही बुरशी आहे? मग साठ वर्षं आमटीला वास कशाचा येतोय?”

तो तुकडा सगळ्यांच्या हातून फिरून आला. भाऊजींनी चष्मा लावला. एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने राखाडी, कागद जळल्यासारखा. वनस्पती नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर चिंता उमटली. “शाकाहारी आहे ना पण?” एवढं त्यांनी विचारून घेतलं.

शेवटी दगडफूल वगळून तेरा मसाल्यांचे सव्वातीन गुण मिळाले. सव्वासव्वीस. सासूबाई हट्टाला पेटल्या होत्या. त्यांनी चहा टाकायला सांगितला, त्यात आलं, त्यात गवती चहा, आणि चहाची पूडसुद्धा झाडाचीच असते हे लेकीकडून कबूल करून घेतलं. सव्वाएकोणतीस. लोहाचं काय, असं मी विचारलं. कोणी लक्ष दिलं नाही. मग त्यांनी चंची उघडली. नागवेलीचं पान, त्यावर सुपारी.

“सव्वाएकतीस. पण आजी, सुपारी आरोग्याला वाईट असते.”

“तुझ्या तक्त्यात चांगल्या-वाइटाचा रकाना कुठाय?”

लेकीने पेन खाली ठेवलं. सोमवार, दुपारचे दीड. “हे आठवड्याचं टार्गेट होतं. आता रविवारपर्यंत मी काय करू?”

“उपास कर,” सासूबाई पान जमवत म्हणाल्या.

लेकीने खरंच तक्ता पुन्हा वरपासून वाचला. शेंगदाणे आधी धरून झाले होते, बटाटा झाला होता, मिरचीही झाली होती, आणि जिरं मसाल्यात पावात निघालं होतं. उरला होता साबुदाणा.

“सव्वाबत्तीस,” ती म्हणाली.